डिझेल इंजिन बसवलेली जुनी पिकअप: एअर काढली की चालते, चार दिवसांनी पुन्हा बंद

आधी लक्षण सांगतो. सकाळी सेल्फ मारला की इंजिन चांगलं जोरात फिरतं, पण सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा निघत नाही. सात-आठ वेळा मारल्यावर एकदाची सुरू होते, दहा सेकंद धडधडते आणि विझते. मग बॉनेट उघडून फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपावरचा) हँड पंप तीस-चाळीस वेळा मारायचा आणि फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून फेस, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा, जाऊ द्यायचा. यालाच एअर काढणं म्हणतात. त्यानंतर गाडी अशी सुरू होते, जणू काही झालंच नव्हतं. दिवसभर ओझं ओढते, तक्रार नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच.

गाडी म्हणजे महिंद्राची जुनी लांब चासीची जीप, मागे पिकअपचा हौदा. मूळ इंजिन पेट्रोलचं, चार सिलेंडरचं २,१९९ सीसीचं हरिकेन. वडिलांच्या काळात त्याने भरपूर काम केलं, पण पेट्रोलच्या भावात टोमॅटो वाहणं परवडेना. म्हणून त्या जागी महिंद्राचंच २,५२३ सीसीचं डीआय डिझेल इंजिन बसवलं, जुनं पण बोअर चांगले असलेलं. त्यावर लाइन पंप आहे, म्हणजे चारही सिलेंडरना एका रांगेत वेगवेगळा प्लंजर, डिझेल दाबून पुढे पाठवणारा दट्ट्या. गाडी ओतूरहून नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेते, अधूनमधून भाजी घेऊन कल्याणला जाते.

दुसरं लक्षण कल्याणच्या फेरीतच कळलं. माल उतरवून परत येताना माळशेज चढायला लागलं की गाडी दम टाकायची. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, तरी इंजिन वर-खाली, वर-खाली, आणि एखाद्या वळणावर बंद. श्रावणातल्या धुक्यात, मागून ट्रकचे हॉर्न वाजत असताना मी दोनदा तिथे बॉनेटमध्ये डोकं घालून हँड पंप मारलाय. जाताना कधीच नाही, येतानाच. ही गोष्ट तेव्हाच नीट लक्षात घेतली असती तर अकरा महिने वाचले असते. जाताना टाकी भरलेली असायची.

अकरा महिने काय केलं

फीड पंपाचं किट बदललं. दोन आठवडे बरं चाललं. पुन्हा तेच. बँजो बोल्टखालचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे सगळे वॉशर बदलले, पाच दिवस बरं. रबरी पाइप बदलले, क्लिपा बदलल्या, फिल्टर बदलले, फिल्टरचं डोकं बदललं. शेवटी लाइन पंप उतरवून पंप-नोजलवाल्याकडे कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून मापात लावायला दिला. तो प्रामाणिक माणूस, म्हणाला, "दादा, पंपाला काही झालेलं नाही, उगाच खर्च करताय." तरी मी करून घेतलं. एक महिना छान चालली आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की पंपच होता.

या दुखण्यातली खरी फसवणूक इथे आहे. यातला कुठलाही भाग बदलायचा म्हणजे लाइन उघडावी लागते, आणि लाइन उघडली की शेवटी एअर काढावीच लागते. एअर काढली की गाडी चालते. त्यामुळे ज्या भागाला हात लावाल तोच गुन्हेगार ठरतो. फिटर म्हणतो बघा झालं, आपण पैसे देतो, दोघंही खोटं बोलत नसतो. म्हणून माझा पहिला सल्ला: या दुखण्यात "बदललं आणि सुधारलं" हा पुरावा मानायचाच नाही. नुसती एअर काढून, काहीही न बदलता गाडी किती दिवस चालते ते आधी मोजा. माझी चार-पाच दिवस चालायची, टाकी नुकतीच भरली असली तर जास्त.

एअरच आहे का, हे आधी बघा

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एका माणसाला उभं करा. इंजिन जोरात फिरतंय आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतच नाही. एअर, चोक झालेली लाइन, बंद स्टॉप लिव्हर (इंजिन बंद करायची दांडी), यातलं काहीतरी. पांढरा धूर भकाभका येतोय पण सुरू होत नाही, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग थंडी, टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा इंजिन हळू फिरणं याकडे बघा. पांढऱ्या धुराच्या गाडीची एअर काढत बसण्यात सकाळ वाया जाते.

हळू फिरण्याबद्दल एक वेगळं सांगतो, कारण इंजिन बदललेल्या गाड्यांत ते फार दिसतं. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने सुटं. जुनं इंजिन काढताना इंजिन ते चासी जी अर्थिंगची पट्टी असते ती काढतात आणि नवीन बसवताना विसरतात. मग सेल्फचा करंट वाट शोधत अॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कुठल्या तरी लोखंडी पाइपातून जातो. दोन-तीनदा सेल्फ मारून केबलला हात लावा. गरम लागली तर पट्टी नाही किंवा गंजलीय. पेट्रोल इंजिनाला पुरणारी बॅटरीही डिझेलला पुरत नाही, कॉम्प्रेशन दुपटीच्या वर असतं.

आणि टाकीचं झाकण. चालवून आल्यावर लगेच झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय आणि टाकीत पोकळी होतेय. हा तपास फुकट आहे, तरी सगळे तो शेवटी करतात.

डिझेल गळत नाही, मग हवा येते कुठून

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची. इंजिन चालू असताना तिथे बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि बाहेरून पाइप कोरडा ठणठणीत दिसतो. फीड पंपाच्या पुढे, फिल्टर आणि लाइन पंपाकडे, दाब असतो. तिथे फट असली तर चालू गाडीत डिझेल पाझरतं, धूळ धरते, दिसतं. आपल्या जीपची टाकी सीटखाली, म्हणजे फिल्टरपेक्षा खाली. रात्री गाडी उभी राहिली की वरचं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरू बघतं. सगळं घट्ट असेल तर ते तसंच लटकून राहतं, बाटली पाण्यात उलटी धरल्यासारखं. कुठेही हवा शिरायला वाट मिळाली की ते उतरतं आणि सकाळी फिल्टर अर्धा रिकामा.

पेट्रोल इंजिनाला या सगळ्याचं काही नसतं. पेट्रोल पंपाने चार बुडबुडे ओढले तरी ते कार्ब्युरेटरच्या वाटीत जातात, तिथून वर निघून जातात, जेटला खालून पेट्रोल मिळत राहतं. डिझेलच्या प्लंजरखाली बुडबुडा आला की प्लंजर त्यालाच दाबत बसतो. सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा नोजल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो, तो होतच नाही. म्हणून जी टाकी, जो पाइप वर्षानुवर्षं पेट्रोलवर निर्धास्त चालला, तोच डिझेलवर दगा देतो. भोक जुनंच असतं, त्याचा त्रास नवीन.

डब्याची चाचणी

फट फीड पंपाच्या अलीकडे की पलीकडे, हे ठरवायचा खात्रीचा मार्ग एकच मला सापडला. पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात स्वच्छ डिझेल. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून काढा, त्या जागी नवा डिझेलचा पाइप लावून डब्यात सोडा. ओव्हरफ्लोचा, म्हणजे परतीचा पाइपही त्याच डब्यात.

इथे मी पहिल्यांदा घोडचूक केली. डबा बॉनेटच्या बिजागरीला उंच टांगला. गाडी मस्त चालली, पण त्याचा काहीच अर्थ नव्हता, कारण डबा वर असला की डिझेल आपसूक खाली उतरतं, ओढ राहतच नाही आणि फीड पंपाकडची फटही लपते. डबा टाकीच्याच उंचीला ठेवायचा. मी नंतर तो सीटशेजारी फळीवर दोरीने बांधला. उंच डब्याचा उपयोग वेगळा: ओढीच्या लाइनवर दाब आला की कोरडी फट ओली होते, आणि ती शोधायला सोपी जाते. डबा गरम मॅनिफोल्डपासून लांब ठेवा, हे सांगायला नको.

शिवाय फीड पंपाच्या आधी आणि परतीच्या पाइपात वीतभर पारदर्शक पाइपाचा तुकडा घाला. दुकानात मिळतो तो साधा, चाचणीपुरता. तो कायम ठेवू नका, डिझेलने कडक होऊन तडकतो.

डब्यावर गाडी चार सकाळ पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. म्हणजे फीड पंप, फिल्टर, लाइन पंप, तांब्याचे वॉशर सगळे निर्दोष. ज्या ज्या गोष्टीवर अकरा महिने पैसे घातले ती प्रत्येक गोष्ट.

मग ओढीचा पाइप परत टाकीला जोडला, परतीचा डब्यातच ठेवला. टाकी भरलेली असताना पारदर्शक पाइपात एकही बुडबुडा नाही. वापरत वापरत टाकी निम्म्याखाली आली आणि बुडबुड्यांची माळ सुरू झाली, मोहरीएवढे, एकामागे एक. माळशेजच्या चढाचं उत्तर तिथे दिसत होतं. (परतीचं डिझेल डब्यात साठत जातं, तेव्हा डबा भरून वाहणार नाही याकडे लक्ष ठेवा. माझ्या फळीला अजून वास येतो.)

टाकीतला पाइप

टाकीतून ओढीचा पाइप बाहेर काढला. वरून पाहता काही नाही. एका टोकाला बोट लावून दुसऱ्या टोकाने फुंकलं आणि पाण्याच्या बादलीत बुडवलं. वरून साधारण पाच इंचांवर, जुन्या डाग दिलेल्या जोडावर, बारीक बुडबुडे. टाकीची खोली नऊ-दहा इंच. डिझेल त्या जोडाच्या वर असेल तोवर भोक बुडालेलं, डिझेलच आत ओढलं जातं. पातळी खाली गेली की तेच भोक हवा ओढतं. चढावर डिझेल एका बाजूला सरकलं की ते आणखी लवकर उघडं पडतं. रात्री उभ्या गाडीत लाइन रिकामी व्हायलाही तेवढं भोक पुरे.

पाइप बदलला. वाटलं संपलं. परतीचा पाइप पूर्वी होता तसा लावला आणि पारदर्शक तुकड्यात पुन्हा फेस. कमी, पण होता, आणि जायचं नाव घेत नव्हता.

परतीची वाट

पेट्रोलच्या टाकीला एकच पाइप असतो, ओढीचा. कार्ब्युरेटरची वाटी भरली की सुई बंद होते, परत पाठवायला काही उरत नाही. डिझेलमध्ये फीड पंप इंजिन जाळेल त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल ढकलतो. उरलेलं ओव्हरफ्लोमधून आणि नोजलच्या गळतीच्या पाइपातून परत टाकीत जायला हवं. ते नुसतं जास्तीचं डिझेल नसतं, लाइनमध्ये आलेली थोडीफार हवाही त्याच वाटेने टाकीत जाऊन सुटते. चांगली लाइन स्वतःची एअर स्वतः काढत राहते, ती अशी.

आमच्या गाडीत इंजिन ज्याने बसवलं त्याला टाकीला दुसरं भोक पाडायचं नव्हतं. त्याने परतीचा पाइप टी (तीन तोंडांचा जोड) मारून फीड पंपाच्या तोंडाशी ओढीच्या लाइनलाच जोडला. काम सुबक, रंगही दिलेला. पण त्यामुळे एकदा आत आलेला बुडबुडा फीड पंप, फिल्टर, ओव्हरफ्लो, टी आणि पुन्हा फीड पंप असा फिरत राहायचा. बाहेर पडायला जागाच नाही. वर गरम झालेलं डिझेलच पुन्हा पुन्हा फिरणार. इंजिन बदललेली दुसरी गाडी पुढे कधी बघितली तर मी सगळ्यात आधी ही टी शोधीन. ती नसेल तरच बाकीचं.

टाकीला वेल्डिंग केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. पेट्रोलची टाकी धुऊन वाळवून वर्षभर पडली तरी तिच्या शिवणीतली वाफ स्फोटाला पुरेशी असते. फ्लोटची (टाकीतली पातळी मोजणाऱ्या तरंगाची) प्लेट टाकीवर स्क्रूने बसते. ती काढून लेथवाल्याकडून तशीच नवी जाड प्लेट करून घेतली आणि तिच्यावरच दोन पाइप बसवले. एक ओढीचा, तळापासून साधारण बोटभर वर, म्हणजे गाळ आणि पाणी खाली राहतं. दुसरा परतीचा, त्याचं तोंड ओढीच्या पाइपापासून उलट्या दिशेला वाकवलेलं, म्हणजे परत आलेला फेस लगेच ओढला जात नाही. दोन्ही पाइप अखंड लोखंडी, मध्ये जोड नाही. तांबं आणि जस्ताचा मुलामा दोन्ही डिझेलला मानवत नाहीत, डिझेल चिकट पडतं, तेव्हा गॅल्व्हनाइज्ड पाइप वा डबा टाळा.

टाकी उघडलीच आहे तर आतून बघा. पेट्रोलचा वर्षानुवर्षांचा डिंक आणि गंज डिझेलमध्ये सुटायला लागतो आणि जाळीवर बसतो. आमच्या जाळीवर चहाच्या चोथ्यासारखा थर होता. जाळी तुंबली की ओढ वाढते, आणि ओढ वाढली की बारीकशी फटही हवा घ्यायला लागते.

एक गोष्ट मात्र सुटली होती, ती दोन महिन्यांनी कळली. चासीवरून येणारा पाइप सरळ फीड पंपाला जोडलेला, मध्ये रबर नाही. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हलतं, बंद करताना तर अंगातच आल्यासारखं. चासी स्थिर, इंजिन हलतंय, मधला पाइप नटाखाली फ्लेअरवर, म्हणजे पसरवलेल्या तोंडावर, चिरतो. केसाएवढी चीर, डोळ्याला दिसत नाही. आता मध्ये फूटभर डिझेलचा जाड रबरी पाइप आहे, आणि क्लिप नट-बोल्टवाली. पट्टीची दातेरी क्लिप एवढ्या बारीक पाइपावर गोल बसत नाही, एका बाजूला फट ठेवते.

एअर काढायची पद्धत

फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करा, हँड पंप मारत राहा. आधी फेस, मग फेसाळ डिझेल, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा, पंप थांबवून नाही. दोन फिल्टर असतील तर आधी टाकीकडचा, मग पंपाकडचा. मग लाइन पंपावरचा स्क्रू, तसंच. हँड पंप जड लागायला लागला की लाइन भरली. शेवटी नोजलकडचे पाइपाचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, चारही ठिकाणी डिझेल ठिबकलं की आवळा. चालू इंजिनावर तिथे हात किंवा बोट धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं, वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत हात कुजतो. असं झालंच तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको.

तांब्याचा जुना वॉशर पुन्हा लावायची वेळ आली तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ पडतो. हे आईच्या नजरेआड करा.

बरेच जण ओढीच्या लाइनमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल मागे जाऊ न देणारा) घालायला सांगतात. त्याने सकाळची कटकट जाते हे खरं, पण चालू गाडीत ओढली जाणारी हवा तशीच राहते आणि घाटात तुम्ही तिथेच. फट सापडल्यावर पाहिजे तर व्हॉल्व्ह घाला. टाकीजवळ विजेचा पंप लावायलाही लोक सांगतात. त्याने ओढीच्या लाइनमध्ये दाब येतो, हवा शिरायची थांबते, पण जिथे हवा शिरत होती तिथून आता डिझेल गळणार. जीपमध्ये ती जागा सीटखाली असते.

कागदपत्रांचं दोन ओळीत. पेट्रोलची गाडी डिझेल केली की इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही आरसी बुकशी जुळत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली असा बदल परस्पर करता येत नाही. अपघात झाला तर विमावाला पहिल्यांदा तेच काढतो. इंजिन विकत घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर नाही.

सध्या गाडी टाकी तळाला जाईपर्यंत चालते, दोन वेळा माळशेज पाव टाकीवर चढलो. डिसेंबरात ओतूरला पहाटे अजूनही दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो. पण मागे पांढरा धूर येतो, म्हणजे ते एअरचं नाही. त्यासाठी नोजल उतरवून बघायचेत, टोमॅटोचा हंगाम संपल्यावर.